अर्जुनसालीची पुडी

औरंगपुऱ्यात फुटपाथवर एक बाई बीपीसाठी अर्जुनसालीची भुकटी विकायची. पुडी बांधण्याआधी दर वेळी हुंगून बघायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी ती भुकटी उंदरांना दिली, तर त्यांचा रक्तदाब झरझर उतरला. मग अर्जुनाची साधी साल आणून कुटून दिली, तर रक्तदाब फारसा उतरला नाही. मी तिला खोदून विचारलं.

"बीपीची गोळी वाटून टाकते त्यात," ती शांतपणे म्हणाली. "गोळी म्हणलं की लोकं घेत नाय, जन्माची मागं लागते म्हणतात. झाडपाला म्हणलं की गुमान घेतात."

गेले चार महिने आईला हीच पुडी मी नेऊन देत होतो. गोळी सुटली म्हणून तिनं गल्लीत पेढे वाटले होते.