नदीमच्या खिडकीतला दिवा

वजीहा माझी वरच्या मजल्यावरची शेजारीण. तिचा एकुलता एक मुलगा नदीम सप्टेंबरात गावाखालच्या वळणावर गाडीसकट दरीत गेला. पांढऱ्या ओढण्या घेऊन आम्ही साऱ्या बायका तिच्याभोवती बसलो, आम्हीच रडलो. ती मात्र रडली नाही. आल्यागेल्याला खुर्ची पुढे करत राहिली, जणू दुसऱ्याच कोणाच्या घरी मयत होती.

नदीमच्या मागे उरला तो सुलतान. बिनविषारी, अजगराच्या जातीचा, अडीच हात लांब साप. नदीमच्या खोलीत, खिडकीजवळच्या काचेच्या पेटीत तो असायचा. वर एक दिवा लटकवलेला. दिवसा दिवा लावायचा, रात्री विझवायचा आणि पेटीखालची विजेची गरम चटई चालू ठेवायची, एवढं नदीमने आईला शिकवलं होतं. ती ते इमानेइतबारे करायची.

"देऊन टाक गं ते जनावर कुणाला तरी," मी म्हणायची. "घरात साप पाळतं का कोणी?"

"खातो काय, पंधरा दिवसांत एक उंदीर. तुझ्या नवऱ्यापेक्षा बरा."

आमच्यात माणसाचा जीव मेल्याक्षणी दुसऱ्या तान्ह्या बाळात जातो असं मानतात. गल्लीतल्या हिंद नावाच्या बाईने एकदा दबक्या आवाजात विचारलंच, "वजीहा, नदीमचा जीव यात तर नाही ना शिरला?"

"अगं ए शहाणे, माणूस माणसातच जातो. आणि हा साप दोन वर्षांपूर्वीचा. नदीम काय जिवंतपणी शिरला यात?" मग कांद्याचा भाव सांगावा तशी म्हणाली, "तो आता कुठेतरी कुणाच्या तरी मांडीवर दूध पीत असेल."

मला राग यायचा. बाई, एकदा तरी ऊर बडव, भांडं आपट. पण तिच्या आत काही हलतच नव्हतं. रस्त्यावरून वर पाहिलं की नदीमच्या खिडकीत दिवा दिसायचा आणि क्षणभर वाटायचं, पोरगा घरात आहे. वजीहालाही तेच हवं होतं. ते तिने मला सांगूनही टाकलं. "दिवा आहे तोवर त्या खोलीत कुणीतरी आहे, अफीफा. पेटी तिथून हलणार नाही."

पण डोंगरातली थंडी कुणाच्या दुःखाला विचारून येत नाही. डिसेंबरात आम्ही सगळे बसायच्या खोलीत शेगडी पेटवतो, बाकी दारं बंद करतो आणि मार्चपर्यंत त्या एका खोलीत जगतो. नदीमची खोली मात्र बर्फाचा गोळा. सरकारी वीज दोन तास, बाकी सगळं गल्लीच्या जनरेटरवर, तेही घरटी जेमतेम पाच अँपिअर. वजीहाने खोलीत विजेचा हीटर लावला की खटका पडून सगळ्या घराची वीज जायची. मग ती फ्रिज बंद करायची, नवऱ्याचा टीव्ही बंद करायची.

"अगं, मला निदान बातम्या तरी बघू दे," अबू नदीम, म्हणजे नदीमचा बाप, कुरकुरायचा.

"काय बघायचंय? कालच्याच आहेत."

जानेवारीत बर्फ पडला आणि डिझेलचा टँकर घाटात अडकला. जनरेटर थंड. दिवा गेला, चटई गेली. तेव्हा वजीहाने तेच केलं जे आमच्या आया करायच्या. शेगडीवर दगड तापवला, फडक्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवला. लहानपणी आम्हा सगळ्यांच्या पायाशी असेच दगड असायचे. सुलतान सरपटत आला आणि दगडावर वेटोळं घालून बसला. तिला बरं वाटलं. दर थोड्या वेळाने ती दगड बदलत राहिली.

रस्ता मोकळा झाल्यावर जनावरांचा डॉक्टर आला, रबीअ नावाचा पोरगेलासा माणूस, नदीमचा मित्र. त्याने सुलतानला उचलून उलटं धरलं. पोटाचे खवले भाजून तपकिरी झाले होते, एका जागी कातडं सुटलं होतं.

"मावशी, सापाला वरची ऊब कळते, ऊन कळतं. पोटाखालची धग त्याला नीट कळत नाही. भाजत असला तरी बसून राहतो."

वजीहा भाजलेल्या पोटाकडे बघत राहिली.

"कळत असेल रे," ती म्हणाली. "पण उठून जाणार कुठे? बाकी सगळीकडे बर्फच होता."

मी खिडकीबाहेर बघितलं.

मग रबीअने मलम लावलं आणि हळूच सांगितलं, "त्याला एक बाजू उबदार, एक बाजू गार, अशी पेटी लागते. म्हणजे हवं तिथे सरकता येतं. दिवा एकाच टोकाला, वरून, जाळी लावून. आणि पेटी शेगडीच्या खोलीत हवी, म्हणजे वीज गेली तरी तो तरेल. या खोलीत नाही जगणार, मावशी."

आता ती नाही म्हणेल असं मला वाटलं, आणि खरं सांगते, तिने नाही म्हणावं असंही मला वाटत होतं. शेवटी तिने पेटीचं एक टोक धरलं. "अबू नदीम, ऊठ. दुसरं टोक धर."

शेगडीपासून चार हातांवर, भिंतीला लागून पेटी ठेवली. रबीअने दिवा डाव्या टोकाला बांधला, उजवीकडे सावलीत मातीची एक फुटकी कुंडी उपडी घातली. वीज आली तेव्हा दिवा लागला. सुलतान बराच वेळ उजेडाखाली पडून राहिला, मग सरकत सरकत सावलीच्या बाजूला गेला.

"गेला बघ," अबू नदीम म्हणाला. नंतर नाक पुसत म्हणाला, "वजीहा, ते दार लाव गं. सगळी ऊब तिकडे चाललीय."

ती उठली. नदीमच्या खोलीच्या उंबऱ्यावर जरा थांबली. खिडकीजवळ पेटीच्या जागी धुळीचा चौकोन होता.

"लावते," ती म्हणाली. "आता तिथे कोणी नाही."

दार लावताना तिचा हात कडीवरून सुटला, आणि ती तिथेच जमिनीवर बसली.