न ढवळलेलं सरबत

आमच्या घरचा नमुना जाऊन आज वर्ष झालं.

माझी कमलआत्या.

साठच्या दशकात भिलाईचा स्टील प्लांट वाढत होता. आजोबा तिथे फिटर. भंडाऱ्याकडून आलेलं कुटुंब, सेक्टरमधलं छोटं क्वार्टर, आणि त्यात एम.एस्सी. झालेली ही मुलगी.

तिला परगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात रिसर्चची पोस्ट मिळाली. काम मॉडेलिंगचं. वितळलेलं स्टील साच्यात ओतलं की आत कसं फिरतं, ते पाण्याचं मॉडेल करून शोधायचं.
आज हे कॉम्प्युटरवर करतात. तेव्हा काचेची टाकी, पाणी आणि रंग.

आजीने मॉडेलचं मराठी केलं आणि सांगत सुटली, आमची कमल नमुने बनवते.
शेजारणी म्हणाल्या, ती स्वतः काय कमी नमुना आहे! नाव चिकटलं ते चिकटलंच.

पण आजीला आधी लग्न हवं होतं. रायपूरचं स्थळ आलं. जमलं तर पोस्ट सोडायची, असं परस्पर ठरलं. आत्याला कोणी विचारलं नाही.

पाहुणे आले. पोरीचा हात दिसावा म्हणून सरबत त्यांच्यासमोरच बनवायचं, ही आजीचीच आयडिया.

आत्याने ग्लासातल्या पाण्यात गुलाबाचं सरबत सोडलं, आणि ढवळायचं सोडून खाली वाकून बघत बसली. लाल धार तळाला गेली, काचेला लागून वर वळली.
मुलाचे वडील हात पुढे करून थांबलेले. म्हणाले, ढवळा की.
"थांबा नं, वर येऊन राहिलं."

स्थळ गेलं.

आजी रडली. "ढवळलं असतं तं का बिघडलं असतं तुयं?"
"ढवळलं का मंग दिसत नाही नं, आई."

आजोबांनी पाण्याचा आणखी एक ग्लास मागवला. स्वतः सरबत ओतलं आणि त्याच्यासमोर उकिडवे बसले. बराच वेळ.

"साच्यात बी असंच फिरते का?"
"तेच तं पाहाले जाऊन राहिली होती, बाबा."

आजोबा उठले. आजीला म्हणाले, "हिची पेटी भर."

त्याच कामात तिने आयुष्य काढलं. पुढे लग्नही झालं. आतोबा पक्के चहावाले, त्यामुळे सरबताचा प्रश्न आला नाही.

म्हातारपणी ती भिलाईला परतली. मी तिला सिविक सेंटरच्या मार्केटात न्यायचे. कोल्ड कॉफीतलं आईस्क्रीम विरघळेपर्यंत ग्लास डोळ्यांसमोर धरून बसायची.
मी म्हणायचे, आत्या, लोक बघतायत.
"मंग त्यायले बी दाखव."

फार आठवण येते गं.

आज फोटोसमोर पाण्याचा ग्लास ठेवून त्यात सरबत सोडलं. सवयीने माझी सून चमचा घेऊन आली. मी तिचा हात धरला, आणि दोघी खाली वाकलो.

धार तळाला गेली, आणि काचेला धरून वर आली, आत्या.

आमच्या नमुन्याला, न ढवळता, भावपूर्ण श्रद्धांजली.