आभार मानणार नाही

“मॅडम, तुम्ही उभ्याच राहा. सूत्रसंचालन तुमच्याकडं.” रेडिओ केंद्राचे मोठे साहेब हसत बोलले, अन् माह्या खुर्चीवर त्यायनं सत्काराच्या शालींचा गठ्ठा ठेवला.

मंडळाच्या सभेतली ती खुर्ची माही होती. आमच्या सरकारी रेडिओच्या मंडळावर पहिल्यांदाच कामगारांचा एक माणूस घेतला होता. यवतमाळात आम्ही हंगामी निवेदक. बोलावलं तं ड्युटी, नाही तं घरी. सगळ्यायनं मिळून मले निवडलं. मारेगावकडच्या तांड्यावर माह्या मायनं गूळ वाटला. आमच्यातली सगळ्यात जुनी निवेदक कमलाताई. ती म्हणाली, “आमच्यासाठी बोलजो वं. लाजू नको तिथं.”

अन् मी काय केलं? उभी राह्यली. माइक हातात आला का माहा आवाज आपोआप गोड होते. हे माननीय, ते सन्माननीय. सगळ्यायले शाली. माहं नाव कागदावर नव्हतं, अन् सूत्रसंचालन करणाऱ्यानं सोताचं नाव घ्यायचं नसते. घरी बंजाऱ्यायची गोरबोली बोलणारी मी, शुद्ध मराठीत दुसऱ्यायची नावं सजवत होती.

मग विषय आले. साहेब कागद पुढं सरकवत, मी वाचत.

“हंगामी निवेदकांच्या ड्युट्या पुढील महिन्यापासून बंद. कार्यक्रम मुंबईहून घेण्यात येतील. ठराव सर्वानुमते मंजूर.”

वाचता वाचताच समजलं. तरी थांबली नाही. शेवटच्या शब्दापर्यंत उच्चार साफ. थू माह्या जिंदगीवर!

बाहेर वऱ्हांड्यात स्पीकर लावला होता. आमची सगळी माणसं तिथंच बसली होती. काम गेलं, हे त्यायले माह्याच आवाजात समजलं. कमलाताई दारात आली. शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं. नुसतं म्हणाली, “चांगलं वाचलं वं.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“मॅडम, आभार,” साहेब घड्याळ पाहत बोलले. आपल्याकडं आभार झाल्याशिवाय सभा उठत नाही. मी माइक तोंडाजवळ नेला.

“आभार मानणार नाही. मी या मंडळाची सदस्य हाय. मले कोणी विचारलं नाही. ठराव सर्वानुमते नाही.”

माइकवर असं रोजच्या बोलीत मी कधीच बोलली नव्हती.

“ही बोलायची जागा नव्हे!” साहेब कडाडले.

“मंग कोणती हाय?”

शालींचा गठ्ठा उचलून टेबलावर आपटला अन् बसली. साहेबानं सगळ्यायले हात वर करायले लावले. माहा एकटीचाच खाली.

ठराव झालाच. कमलाताई आता घरीच असते. तिच्यासमोर माही मान आजही वर होत नाही, अन् ही लाज मले पुसायचीही नाही. माहंही काम गेलं, पण मंडळावरची माही मुदत अजून बाकी हाय. काढायचं तं काढा मले. पण तोवर मी बसून बोलीन, माह्या मनचं बोलीन, अन् माह्या आवाजानं माह्याच माणसायचा गळा परत कोणाले कापू देणार नाही.