व्याहीबुवा आणि आफ्रिकेचा डोंगर

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, दुपार, पोळ्याची संध्याकाळ आणि दिवाळीच्या पाडव्याची सकाळ, या तिन्ही वेळी धुळ्यातील माझ्या राहत्या घराची शांतता भंग पावली. आणि तिन्ही गुन्ह्यांस एकच इसम जबाबदार आहे, तो म्हणजे माझ्या मुलाचा सासरा. इतका निर्धास्तपणे बेकायदेशीर वागणारा मनुष्य अवघ्या खानदेशात दुसरा नाही, हे मी न्यायालयाच्या कार्यालयात हयात घालवलेला माणूस पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे. व्याहीबुवांनी साक्रीच्या शाळेत भूगोल शिकवला आणि निवृत्त होताच नववी-दहावीच्या मुलांना परदेशातील डोंगरांवर नेण्याचे व्रत घेतले. आखाजीला आम्ही त्यांना खापरावरच्या पुरणपोळ्यांसाठी मानाने बोलावले, तर जेवण होताच नवे बूट पायात मुरवण्यासाठी ते आमच्या जिन्यावरून तासभर खाली-वर करत राहिले; वरचा भाडेकरू भूकंप समजून रस्त्यावर आला. पोळ्याला त्यांनी आमच्या अंगणात तंबू ठोकला. शेजाऱ्यांचा झूल घातलेला बैल त्यात शिरला आणि तंबू अंगावर घेऊन गल्लीभर मिरवला. मागे धावणारे व्याहीबुवा मात्र आनंदाने ओरडत होते, "फाटना नही, नाना! दखा, माल पक्का शे!"

पाडव्याला त्यांनी जाहीर केले की, आजोळी साक्रीला नववीत शिकणारी माझी नात आणि डोंगरातल्या पाड्यांवरची तिची वर्गसोबती मुले यंदा आफ्रिकेतील किलिमांजारो चढणार. खर्चाचा भार फैजपूरच्या केळीवाल्या बागाईतदारांनी उचलला आहे. मी तत्काळ लेखी हरकत दिली. ती त्यांनी वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि विचारले, "नाना, तुमना कायदा डोंगर चढस का?" माझी पत्नी तोंडाला पदर लावून हसली. तेही मी विसरलेलो नाही.

हरकतीची प्रत मी शिक्षण खात्यातही दिली; परंतु ती माझ्या नातीपुरती होती. खात्याच्या ज्या साहेबांच्या परवानगीवाचून मुलांना शाळेतर्फे जाता येत नव्हते, त्यांनी सुनावणीत, माझ्यासमक्ष, असे उद्गार काढले, "डोंगरातच राहणाऱ्या मुलांना डोंगर बघायला परदेश कशाला? आणि ही मुले तिथे टिकतील याला पुरावा काय?" पहिल्या प्रश्नावर माझे मस्तक फिरले. शहरातल्या मुलांना शहर बघायला सिंगापूर कशाला, असे या साहेबांनी कधी विचारले होते काय? मी हरकत मागे घेतली आणि व्याहीबुवांच्या बाजूने उभा राहिलो. 

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र दारातून आत आले. व्याहीबुवांची सरावाची रीत अशी की, आठवडे बाजाराच्या दिवशी पाड्यांवरच्या म्हाताऱ्या बायांचा बाजार मुलांनी पाठीवर घ्यायचा आणि घाट चढून घरपोच करायचा. मोहिमेची बातमी ऐकून त्या बाया साक्रीहून एसटीने तक्रार घेऊनच आल्या होत्या. त्यांची पुढारी अक्का साहेबांच्या टेबलावर हात आपटून म्हणाली, "साहेब, या पोरे परदेश गयात ते आमना गठोडा कोण लई जाई?" व्याहीबुवांसोबत आलेल्या माझ्या नातीकडे बोट करून तिने आणखी सुनावले, "हाई पोर ते दोन गठोडा लिसन घाट चढस! इले परदेश कसाले धाडतस?"

व्याहीबुवांनी कपाळाला हात लावला. मी मात्र उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, विरोधी पक्षाच्या साक्षीदाराने मुलांच्या ताकदीची ग्वाही दिली आहे. ही साक्ष शब्दशः नोंदवून घ्यावी." साहेबांनी अक्काकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि सही केली. परवानगीचा कागद हाती आल्यावर व्याहीबुवा भर कचेरीत माझ्या पाया पडले. व्याह्याने व्याह्याच्या पाया पडणे कोणत्याही रीतीत बसत नाही, हे मी त्यांना तिथल्या तिथे सांगितले. आवाज जरा कापला, तो संतापाने.

सगळी मुले शिखरावर पोचली. फोटोत ती बर्फात उभी, गालांना ऊन लागून काळवंडलेली आणि दात दाखवून हसणारी. साक्रीत ढोल वाजले, अक्काने स्वतः पेढे वाटले. फोटोत व्याहीबुवा तेवढे नाहीत. शेवटच्या मुक्कामावर त्यांचा श्वास अडकला. नात सांगते, आबा दगडावर बसले आणि म्हणाले, "तुमी जा पोरेहो. मी आठेच शे." आयुष्यात पहिल्यांदा ते मुलांच्या मागे राहिले.

परतल्यापासून त्यांनी बूट माळ्यावर टाकले आहेत. आमच्या घरी येतात, ते चपला घालून. जिना एकदाच चढतात. ही शांतता मी मागितलेली नव्हती. नव्या मुलांनी पुढल्या मोहिमेसाठी नावे दिली आहेत आणि ती वाट पाहत आहेत. सबब व्याहीबुवांनी साक्रीच्या बाजारात, चार लोकांसमक्ष, उत्तर द्यावे: पुढल्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत तरी आपण येणार की नाही? तिथे दगडावर आपल्याशेजारी बसायला मी तयार आहे.