खिडकीला बांधलेला चौरंग

आमच्या वाचनमंडळातली माणसं मला दर वेळी सांगतात, तुमचा अनुभव लिहून काढा, चार जणांची श्रद्धा वाढेल. मी आजवर टाळत आलो. कृपा झाली हे खरं आहे. पण ती झाली तेव्हा मी तिच्याकडे पाठ करून बसलो होतो, हे सांगितल्याशिवाय अनुभव पुरा होत नाही आणि ते सांगायला जीभ रेटत नव्हती. अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, मी पारायण धरलं होतं, आणि त्याच पारायणापायी मी त्यांना गमावून बसलो असतो.

अण्णा न्यूमोनियातून उठून नुकतेच घरी आले होते. डॉक्टरांनी निघताना मला बाजूला घेऊन बजावलं होतं की धूळ नको, ओल नको, गार वारा तर अजिबात नको. पुन्हा छाती भरली तर या वयात झेपणार नाही. घर आमचं सातारा परिसरात, म्हणजे सातारा शहरात नव्हे, दौलताबादच्या बाजूच्या त्या नावाच्या उपनगरात, वस्तीच्या अगदी कडेला. अण्णांच्या खोलीला पश्चिमेकडे मोठी खिडकी आहे आणि तिच्यापुढे डोंगरापर्यंत सगळं मोकळं. दवाखान्यातून भाड्याने आणलेला, डोक्याकडून उचलता येणारा पलंग आम्ही त्याच खिडकीशी लावला होता, कारण तो खोलीत दुसरीकडे कुठे बसत नव्हता. अण्णांना सपाट झोपवलं की श्वास कोंडायचा, म्हणून तो पलंग हवाच होता.

अशा दिवसांत माणूस देवाकडे जातो, तसा मी गेलो. स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यापुढे चौरंग मांडला, त्यावर महाराजांची पोथी ठेवली आणि सप्ताह सुरू केला. शेंद्र्याच्या कंपनीत पहिली पाळी करून घरी आलो की आंघोळ करायची, सोवळं नेसायचं आणि वाचायला बसायचं. नियम मी कडक धरले होते. अध्याय सुरू झाला की मध्ये बोलायचं नाही, आसन सोडायचं नाही, आणि सप्ताह पुरा होईपर्यंत चौरंग जागचा हलवायचा नाही. खरं सांगायचं तर मनात शंका होती. इतकं करून अण्णा बरे होतील का, याची मला खात्री नव्हती. म्हणूनच बहुधा मी नियम इतके घट्ट धरले असावेत. ज्याचा विश्वास डळमळीत असतो त्याला नियमाचा आधार लागतो, हे मला आता कळतं.

अण्णांचा या सगळ्यावर विश्वास कमी. ते मूळचे पिशोरकडचे, तरुणपणी मेंढरांमागे हिंडलेले. पलंगावर पडल्या पडल्या मला म्हणायचे, "आमचा देव घोड्यावर बसतो, रानोमाळ हिंडतो. तुझा देव पोथीत बसून ऱ्हातो. दमत नाय का रे?" मी हसून सोडून द्यायचो. पण आत कुठेतरी राग यायचा, की मी हे कुणासाठी करतोय!

एप्रिल सरत आला होता. त्या दिवशी मी वाचायला बसलो तेव्हा बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. माझं तोंड पूर्वेला, देव्हाऱ्याकडे, आणि पाठ अण्णांच्या खोलीकडे. निम्मा अध्याय झाला असेल नसेल, एकाएकी अंधारून आलं आणि वारा सुटला. पहिल्यांदा परसदार गेलं. बिजागऱ्या उखडून दार आत कोसळलं. माझी बायको सुषमा ओरडली, "अहो! इकडं या हो!" मी ओळीवर बोट ठेवलं आणि पुढची ओवी वाचली. मग अण्णांच्या खोलीतून काचा फुटल्याचा आवाज आला. "अहो, उठा! अण्णा भिजायलेत!"

मला ऐकू आलं नाही असं मी म्हणणार नाही. शब्द न् शब्द ऐकू आला. तेव्हा मनात काय आलं तेही सांगतो. मला वाटलं, ही परीक्षा आहे. महाराज बघताहेत, हा उठतो का. आसन मोडलं तर पारायण मोडलं, आणि पारायण मोडलं तर अण्णांचं काही खरं नाही. म्हणून मी आवाज चढवला. तिची हाक बुडावी इतक्या मोठ्याने वाचू लागलो. अध्यायाची थोडी पानं उरली होती, ती सगळी वाचली. पोथीला नमस्कार केला आणि मग उठलो.

खोलीत सुषमा खिडकीला पाठ लावून उभी होती. स्लायडिंगची एक काच पूर्ण गेली होती आणि दुसरीची चौकट निखळून आत लोंबत होती. ती अण्णांच्या डोक्यावर पडू नये म्हणून तिने दोन्ही हात मागे करून दाबून धरली होती. तळहातातलं रक्त मनगटावरून ओघळत होतं. बाहेरच्या लोखंडी गजांमधून गारा येऊन तिच्या खांद्यांवर आदळत होत्या, पलंगावर उसळत होत्या. अण्णांवर तिने त्यांची जुनी घोंगडी डोक्यापासून टाकली होती आणि घोंगडीखालून खोकल्याचा आवाज येत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी चौकट तिच्या हातातून घेतली.

गारा थांबल्यावर आम्ही अण्णांना उचलून स्वयंपाकघरात खुर्चीत बसवलं. घरात तेवढाच, देव्हाऱ्यापुढचा कोपरा कोरडा उरला होता. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. धाप जराशी बसल्यावर त्यांनी विचारलं, "झाला का अध्याय?"

"झाला, अण्णा."

"बरं झालं. आमचाबी व्हत आला व्हता."

हे ते हसत म्हणाले, पण मला मान वर करता आली नाही.

आता पुढचा प्रश्न उभा राहिला. अण्णा खुर्चीत फार वेळ बसू शकत नव्हते, मान कलायला लागली होती. त्यांना पलंगावर न्यायचं तर खोली बंद करायला हवी होती, आणि खोलीतच सुटे भाग जोडून उभा केलेला पलंग दारातून बाहेर निघत नव्हता. दवाखान्यात न्यावं म्हटलं तर गल्लीच्या बायपासकडच्या तोंडाशी, आमच्या घरापाशीच, कडुलिंबाचं झाड आडवं पडलेलं, वीज गेलेली, फोन लागत नव्हता. पश्चिमेला दौलताबादच्या अंगाने पुन्हा काळंभोर भरून येत होतं. मी खिडकीला चादर बांधली, ती वाऱ्याने ओढून नेली. प्लॅस्टिकचा कागद लावला, तो फाटला. सुषमाने हाताला फडकं गुंडाळून अंथरूण कोरडं केलं, काचा वेचल्या, आणि मी नुसता गज धरून उभा राहिलो. मनात एकच घोकत होतो, महाराज, माझ्या चुकीची शिक्षा त्यांना नको.

तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या टोकाने एक उघडा टेम्पो आला आणि पडलेल्या झाडापुढे, म्हणजे बरोबर आमच्या घरासमोर थांबला. मागे मांडवाचं सामान लादलेलं होतं. मेंदी लावलेल्या दाढीचा, माझ्याच वयाचा एक गृहस्थ खाली उतरला आणि झाडाकडे बघत कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"ओ भाऊ, इकडून बायपासला निघता येतं का?"

"येतं, पण झाड पडलंय ना."

"या अल्ला! करमाडला मांडव पडला, इथं झाड पडलं. आज मेरेपरइच सब गिररा."

त्याच्या टेम्पोत काय आहे हे मला दिसत होतं, तरी मागायचं मला सुचलं नाही. सुषमा तशीच, फडकं बांधलेल्या हाताने बाहेर गेली. "भाई, फळ्या असतील का तुमच्याकडं? सासरे आजारी आहेत, खिडकी फुटलीय."

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, आत डोकावून खुर्चीतल्या अण्णांकडे पाहिलं, मग आभाळाकडे. "हौ भाभी, स्टेजच्या फळ्या हायत. चला भाऊ, उचला. पाणी यायच्या आत बंद करू."

त्याचं नाव शकीलभाई. मी हातोडा शोधायला निघालो तर म्हणाला, "खिळे कायकू? भिंत फुटेल. आम्ही मांडववाले, आम्ही बांधतो." परसदार आम्ही उचलून जागेवर उभं केलं, आतून बांबू आडवा टाकून काथ्याने आवळलं. मग खिडकी. फळ्या गजांना लावून धरायच्या माझ्याकडे आणि गाठी मारायच्या त्याच्याकडे. एक फळी माझ्या हातून सुटून त्याच्या पायावर पडली. "अरे भाऊ!" तो एका पायावर नाचत ओरडला. "सोवळ्यात मांडव बांधणारा माणूस मी पहिल्यांदा बघतोय. जरा घट्ट धरा ना!" स्वयंपाकघरातून अण्णांचा हसण्याचा आवाज आला आणि त्यामागोमाग लांबलेला खोकला. तो खोकला ऐकून आम्ही दोघेही भराभर कामाला लागलो.

टेम्पोत होत्या तेवढ्या फळ्या लागल्या. बाकीच्या करमाडलाच मोडून पडल्या होत्या. खिडकीच्या खालच्या बाजूला हातभर फट उरली, नेमकी अण्णांच्या उशीजवळ. पुठ्ठा लावून पाहिला, तो हातातच लगदा झाला. शकीलभाई काहीतरी सापडतंय का म्हणून घरात फिरला. स्वयंपाकघराच्या दाराशी थांबून त्याने देव्हाऱ्यापुढे पाहिलं, हात पुढे केला आणि लगेच मागे घेतला. "नक्को. देवाचं हाय ते. दुसरं काहीतरी बघू."

चौरंग त्या फटीच्या मापाचाच होता. ते मलाही दिसलं होतं, त्याच्याही आधी दिसलं होतं. मी बोललो नव्हतो. सप्ताह पुरा होईपर्यंत चौरंग हलवायचा नाही, हा नियम मनात आडवा उभा होता. डोंगरावर ढग गडगडले. मी खुर्चीकडे पाहिलं. अण्णांचे डोळे मिटलेले होते, तोंड उघडं होतं आणि प्रत्येक श्वासाला खांदे वर उचलले जात होते. त्या क्षणी मला काही दर्शन झालं नाही, आवाज ऐकू आला नाही. इतकंच वाटलं की दुपारी मला हाच प्रश्न विचारला होता आणि मी चुकीचं उत्तर दिलं होतं. आता तो पुन्हा विचारला जातोय. पुन्हा विचारणं हीसुद्धा केवढी दया आहे!

मी पोथी उचलली, कपाळाला लावली, वस्त्रात गुंडाळून देव्हाऱ्यात ठेवली आणि चौरंग शकीलभाईच्या हातात दिला. त्याने विचारलं, "पक्का?" मी मान हलवली. चौरंगाचा सपाट भाग गजांना लागला आणि चार पाय खोलीच्या आत आले. त्या पायांनाच काथ्या गुंडाळून त्याने अशी गाठ मारली की हलवून हलेना. अण्णांना पलंगावर आणून टेकवलं, तेव्हा त्यांनी मान तिरकी करून उशाकडे पाहिलं. "बघ," ते मला म्हणाले, "तुझा देव माझ्याकडं पाय करून बसला."

"बसू द्या, अण्णा."

"बसू दे की. लई दिवसांनी कामाला लागलाय."

मग पाऊस आला. दुपारच्यापेक्षा जोराचा. गारा फळ्यांवर ताशासारख्या वाजत होत्या, पण आत थेंब आला नाही. अण्णांची खोली अंधारी झाली. मी अण्णांचा हात धरून खाली बसलो. हळूहळू त्यांच्या श्वासाची लय सुधारली, खांदे खाली आले आणि ते झोपले.

शकीलभाईला पावसात निघता येईना. त्याची नमाजाची वेळ झाली तेव्हा त्याने संकोचत कोरडी जागा विचारली. कोरडी जागा घरात एकच होती. चौरंग उचलल्यामुळे मोकळी झालेली. सुषमाने तिथे धुतलेली चादर अंथरली आणि देव्हाऱ्याचा पडदा सरकवला. मी खोलीतून पाहत होतो. जिथे बसून मी दुपारी बायकोची हाक आवाजाने दाबली होती, तिथे तो माणूस अगदी हलक्या आवाजात पुटपुटत होता, कारण आत अण्णा झोपले होते.

पाऊस उघडल्यावर गल्लीतल्या लोकांनी झाड ओढून बाजूला केलं आणि तो गेला. अण्णांची छाती पुढच्या तपासणीत स्वच्छ निघाली. वाचनमंडळात मी टेम्पोवाल्यापुरतंच सांगितलं तेव्हा कुणी म्हणालं की तो टेम्पोवाला साधा माणूस नव्हे, महाराजच रूप घेऊन आले. मी वाद घातला नाही. त्या झाडामुळे तो अडला, आमच्याच दारात अडला, आणि त्याच्याकडे नेमक्या फळ्या होत्या. याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मी रोज हात जोडतो, आणि जोडताना शकीलभाईचा चेहरा समोर येतो.

पण एक गोष्ट मला पुढे बऱ्याच दिवसांनी उमगली. सुषमाच्या तळहाताची पट्टी बदलत होतो. जखम भरत आली होती, तरी मूठ नीट मिटत नव्हती. मी तिला म्हणालो, "मी सारखा टेम्पोचा विचार करतो. पण टेम्पोच्या आधी खिडकीत तू उभी होतीस. देवाने पहिल्यांदा मला हाक मारली ती तुझ्या तोंडून, आणि मी ती अडथळा समजलो."

ती म्हणाली, "देवाबिवाचं मला माहीत नाही. मी मात्र दोनदा मारली होती."

"माफ कर."

"फडकं सैल झालंय. नीट बांधा."

मी नीट बांधलं. त्यानंतर मी पुन्हा पारायणाला बसलो, आणि अजूनही बसतो. नियम मोडायचे म्हणून मोडत नाही, त्यांचं माझ्यावर ऋण आहे. फक्त पहिल्या दिवशी तळहातावर पाणी घेऊन संकल्प सोडताना मी एक वाक्य जास्त म्हणतो, आणि ते घरात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो: महाराज, वाचताना घरातून हाक आली तर मी उठेन. मग पाणी सोडतो आणि वाचायला लागतो.