हौद्यातून घेतलेली टेस्ट ड्राइव्ह

"ताई, घाटात गाडी पार रडतीया. बैल मागं उभा राहून राहून दमतोय. गाडीत जरा जीव घाला."

म्हसवडचे आबा पिकअप घेऊन माझ्या माधवनगरच्या वर्कशॉपमध्ये आले होते. आबा म्हणजे रिटायर्ड हवालदार, फौजेत ट्रक चालवलेला माणूस. त्यांचा पाखऱ्या बैल शर्यतीत पळतो. शर्यतीचं मैदान बहुतेक वेळा घरापासून लांब. पहिल्या गिअरमध्ये घाट चढण्यात वेळ जातो आणि बैल उतरतो तेव्हा त्याचे पाय जड झालेले असतात.

मी रिमॅपिंग करते. एंजिनात कधी किती डिझेल सोडायचं, टर्बोनं किती हवा कोंबायची, हे गाडीतला एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. त्याला ईसीयू म्हणतात. त्यातले आकडे बदलले की तेच एंजिन जास्त जोर लावतं. फार हाव केली तर क्लच जळतो, गाडी धूर ओकते. पुण्यात कंपनीत बारा वर्षं हेच काम केलं, त्यामुळे आपल्याला यातलं सगळं कळतं असा माझा समज होता. थोडा अजूनही आहे.

आबांपुढे मी दोन रस्ते ठेवले. एक सौम्य, जोर बेताचाच वाढणार. दुसऱ्यात एंजिन हळू फिरत असतानाच भरपूर जोर. पाय ठेवला की गाडी निघाली.

"तुमची गाडी असती तर तुमी कुठला घेतला असता?"

"दुसरा."

"मग त्योच टाका."

तासगाव रोडला टेस्ट ड्राइव्ह घेतली. रिकामी गाडी बेदाण्याच्या शेडजवळचा चढ तिसऱ्या गिअरमध्ये चढून गेली. मी स्वतःवर बेहद्द खूश.

चौथ्या दिवशी आबांचा फोन. "ताई, घाटात पाखऱ्या गुडघ्यावर आला."

"लागलंय का फार?"

"सोलपाटलंय. त्ये भरंल. पण आता त्यो गाडीत चढंना. फळी लावली की मागं सरतोय, डोळं पांढरं करतोय."

"आणि रविवारची शर्यत?"

"जोडीच्या बैलवाल्याला सांगितलं, दुसरा बघ म्हणून."

ते रागावले असते तर बरं झालं असतं, मीही दोन शब्द बोलले असते. फोन ठेवला आणि मी त्यांची फाइल उघडली. आकडे सगळे बरोबर. बंद केली, परत उघडली. चहा मागवला, तो टेबलावर गार झाला. समोर दुसऱ्या गिऱ्हाइकाची गाडी उभी होती, तिला हात लावावासा वाटेना. आपण एका मुक्या जनावराला पाडलं, एवढंच डोक्यात फिरत होतं. सकाळी लॅपटॉप घेऊन म्हसवड गाठलं.

पाखऱ्या गोठ्याबाहेर बांधलेला होता, गुडघ्यांवर हळद. पिकअप दिसली की कान टवकारायचा. माझा धीरच सुटला.

"आबा, मी जुनी फाइल परत टाकते. गाडी होती तशी होईल."

"मग घाटाचं काय? त्यो हाय तितंच हाय." आबांनी पिकअपकडे बोट केलं. "एक इचारू? टेस्ट घेतली तवा तुमी कुठं बसला हुता?"

"स्टेअरिंगवर."

"फौजेत आमच्या मागं जवान असायचं. गाडी कशी चाललीया ह्ये ड्रायव्हरनं सांगायचं नसतंय. मागचा केबिन ठोकतो. एकदा ठोकली की हळू, दोनदा ठोकली की थांब. पाखऱ्याला ठोकता येत न्हाई."

मी हौद्यात चढले. हौदा म्हणजे पिकअपचा मागचा उघडा भाग. खाली वाळू, वर गवत. बैलाला काही धरता येत नाही, म्हणून मीही काही धरलं नाही. आबा नेहमीसारखे निघाले. दुसरा गिअर पडला, जोर एकदम आला आणि मी सरळ गुडघ्यांवर. आबांनी आरशात बघितलं. हसले नाहीत.

चूक सापडली. ॲक्सिलरेटर किती दाबला की एंजिननं किती जोर द्यायचा, याचाही एक तक्ता असतो. तो मी फार तिखट केला होता. ड्रायव्हरला त्यात मजा वाटते. मागच्याच्या पायाखालची जमीन सरकते.

मग दिवसभर तेच. मी मागे उभी, हिसका बसला की केबिन ठोकायची. ठोकलेली वेळ लॅपटॉपमधल्या नोंदीशी जुळवायची, तिथला जोर हळूहळू चढेल असे आकडे भरायचे, परत हौद्यात. पहिल्या फेरीत अकरा वेळा ठोकली. संध्याकाळपर्यंत एकदा. वाढवलेल्यातला निम्मा जोर या नादात गेला. घाट आता दुसऱ्या गिअरमध्ये निघणार होता, तिसरा विसरायचा.

पाखऱ्याला मात्र आकड्यांशी देणंघेणं नव्हतं. आबांनी दोन दिवस एंजिन बंद ठेवून गाडीत त्याला वैरण दाखवली. तिसऱ्या दिवशी तो चढला. चौथ्या दिवशी मी परत म्हसवडला गेले आणि त्याच्याशेजारी उभी राहिले. घाटभर माझी मूठ केबिनपाशी तयार होती. त्याचे खूर सोडून मी कुठंही बघितलं नाही. एका वळणावर त्यानं एक पाय उचलला, माझी मूठ वर गेली, आणि त्यानं तो निवांत खाली ठेवला. घाट संपला. केबिन एकदाही ठोकली नव्हती. आबांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि आधी बैलाच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढच्या शर्यतीनंतर त्यांचा फोन आला. "फळी लावायच्या आधीच गाडीमागं येऊन हुबा ऱ्हायला, गड्या!" मला गड्या म्हटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नसावं.

"आणि शर्यत?"

"त्ये व्हय? हारलो की."

माझ्या फॉर्मवर आता एक प्रश्न वाढला आहे: मागे कोण असतं? परवा सांगलीतल्या एका बँकवाल्यानं कार आणली. त्यानं लिहिलं, 'आई. कधीकधी.' दुसराच, भरपूर जोराचा रस्ता हवा म्हणून हटून बसला. मी फाइल टाकली, त्याला स्टेअरिंगवर बसवलं आणि स्वतः मागच्या सीटवर बसले.

पहिल्या सिग्नललाच मी त्याच्या सीटची पाठ ठोकली. दोनदा.