पाव्हण्यांना निरोप

आमच्या लॅबमधल्या दत्ताभाऊचा फोन आला, म्हणाला, मॅडम गेल्या. मी सवयीनं मॅडमच्याच आवाजात विचारलं, "कुठं गेल्या रे, चहाला?" भाऊनं फोन ठेवून दिला, तेव्हा कळलं, मॅडम कायमच्या गेल्या. दीड महिना झाला त्याला.

सरवदे मॅडम आमच्या चाकणच्या लॅबच्या हेड. बोली पक्की लातूरकडची. मी जामखेडच्या शाळेत सगळ्या मास्तरांच्या नकला करून छड्या खाल्लेला, आठवड्यात मॅडमचा आवाज गळ्यात बसला. मला त्या नकल्याच म्हणायच्या. त्यांची पावडर म्हणजे भारी प्रकरण, राव. सेंद्रिय रेणू द्रावणात सोडले की ते आपले आपण एकमेकांचे हात धरून उभे राहतात आणि मधे बारीक बारीक खोल्या तयार होतात. पेंट शॉपमधली थिनरची वाफ त्या खोल्यांत जाऊन बसावी, एवढंच पाहिजे होतं. अशा आत बसणाऱ्या रेणूला मॅडम पाव्हणा म्हणायच्या. भानगड अशी, की खोल्यांत द्रावणाचे पाव्हणे आधीच मुक्काम ठोकून असायचे. ओव्हन तापवला की निघायचे, पण जाताना घर पाडून जायचे. नऊ बॅच अशाच गेल्या. मग कंपनीच्या साहेबांनी सांगून टाकलं, सोमवारी शेवटची चाचणी, नाही जमलं तर काम बंद. मॅडमची सहा वर्षं त्या पावडरीत गेलेली.

शनिवारी दुपारी मॅडम मीटिंगला गेल्या आणि मला खाज सुटली. त्यांच्या केबिनमधून इंटरकॉम लावून शेवटच्या बॅचचा ट्रे तापवत ओव्हनपाशी उभ्या दत्ताभाऊला झापलं, "पाव्हण्याला हाकलायलास का निरोप द्यायलास? बंद कर तो ओव्हन. जाईल की सावकाश." भाऊ म्हणाला, "व्हय मॅडम." मी हसत हसत पिंपरीची बस धरली. आणि भाऊनं खरंच ओव्हन बंद करून ट्रे टेबलावर ठेवला, वर जाळी झाकली, घरी गेला.

सोमवारी तो ट्रे बघितला आणि सरळ मॅडमकडं गेलो. सगळं कबूल केलं.  मॅडमनी पावडर काट्यावर ठेवली, थिनरची वाफ सोडली. वजन चढायला लागलं... चढतच गेलं. घर उभं होतं! घाईनं निघालेला पाव्हणा भिंती ओढत नेतो, हा सावकाश गेला होता. मॅडमनी वाफ भरलेल्या बरणीत चमचाभर पावडर टाकली, थोडं थांबल्या, झाकण काढून बरणी साहेबांच्या नाकाखाली धरली. साहेबांनी तीनदा हुंगलं, वासच नाही. मग माझ्याकडं वळल्या. "आता म्हण रे नकल्या, काय म्हणले मी शनिवारी?" सगळ्या लॅबसमोर म्हणून दाखवलं. सगळ्यात जास्त मॅडमच हसल्या.

ती पावडर आज पेंट शॉपच्या धुराड्यात बसलीय. लॅबच्या भिंतीवर कृती लावलीय, त्यात वाळवण्याच्या पायरीपुढं मॅडमच्या अक्षरात एवढंच आहे : 'ओव्हन नाही. निरोप.' परवा नव्या मुलीनं विचारलं, म्हणजे काय? मी दीड महिना तो आवाज काढला नव्हता. काढला. "पाव्हण्याला हाकलायलास का निरोप द्यायलास?"

दत्ताभाऊ ट्रेवर वाकलेला होता. मागं न बघता म्हणाला, "व्हय मॅडम."